आपल्याला म्हणजे तुम्हाला

"आपल्याला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यावर तो अगदी आतून कळवळून म्हणाला, "अरेरे! तुम्हालाही?"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. डॉक्टर तरुण होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी सैल झाली होती, त्यामुळे चष्मा एका अंगाला कलला होता, आणि आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवलेल्या माणसाला समोरच्या चेहऱ्यात आधी तेच दिसतं, बाकीचा चेहरा मागून येतो. तेवढ्या कलण्यानं डॉक्टर त्याला खचलेले, कुणीतरी आधार द्यावा असे वाटत होते. एवढ्या कोवळ्या वयात! म्हणून तोंडून निघून गेलं. डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला. "नाही नाही, मला नाही. आपल्याला. म्हणजे तुम्हाला." दाराशी उभ्या नर्सनं तोंडावर हात धरला, तिचे खांदे हलले, ते बघून त्यालाही हसू फुटलं, मग डॉक्टरही हसले. म्हणजे, आपल्याला कॅन्सर आहे हे कळल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की तो हसला. नंतर तो पुष्कळदा त्या जागी परत गेला. हसण्याच्या नव्हे, त्याच्या जरा आधीच्या. ज्या अर्ध्या क्षणात आजार दोघांचा होता आणि त्यामुळे फारसा वाईट नव्हता. तेवढ्यात 'म्हणजे तुम्हाला' आलं आणि कडी लागल्यासारखं झालं. डॉक्टर त्या बाजूला, हा या बाजूला.

कडी लावूनही डॉक्टरांच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याला आपण होतंच. आपण जरा उशिरा आलोय. आपल्या हाडांत गेलाय तो, हा खुबा बघा, हे मणके. (फिल्मवर काळे डाग होते. त्याचा हात खिशातल्या मऊ फडक्याकडं गेला, पुसायला.) आता आपण तो काढू शकत नाही, आपण त्याला उपाशी ठेवू शकतो. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन हे त्याचं खाणं; ते तोडलं की तो झोपतो. "किती दिवस?" त्यानं विचारलं. "काहींचा बरीच वर्षं झोपतो." "आणि काहींचा?" डॉक्टरांनी काहींचं काय होतं ते सांगितलं नाही. खाणं तोडायचे दोन रस्ते आहेत, असं सांगितलं. एक, इंजेक्शनं, ठरावीक महिन्यांनी, आयुष्यभर. दुसरा, छोटंसं ऑपरेशन, एकदाच. जिथं ते हार्मोन तयार होतं तेच दोन्ही बाजूंचं काढून टाकायचं. "वृषण," डॉक्टर म्हणाले, आणि तो शब्द इतका पाठ्यपुस्तकातला होता की ते दुसऱ्याच कुठल्या प्राण्याचं काहीतरी आहे असं वाटावं. "घाई नाही. पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या. आपण तिघं बसून ठरवू."

रस्त्यावर आल्यावर त्याला आठवलं, हे आपण कुठं ऐकलंय ते. घरी. बायकोचं पाळणाघर होतं तेव्हा. पुढच्या खोलीत बुटकी स्टुलं, भिंतीला खाली खाली लावलेले रेनकोट अडकवायचे खिळे, सगळीकडं दूध सांडून वाळल्याचा वास, आणि त्यातून फिरणारा तिचा आवाज: आपण आता जेवायचंय ना? आपण रडायचं नाही. आपण शू करून घेऊ या का? आपल्याला आलीय शू, येते, येते, सुर्रर्र. आणि कुणी बूट चिखलानं भरवून आला, कुणी अंगावर पाणी सांडलं, की त्याच सुरात, न थांबता, मागं वळूनही न बघता: काढून टाक. ओलं आहे ना? काढून टाक. ती जेवणार नसायची, रडणार नसायची, तिला शू आलेली नसायची. ज्याच्याकडून करून घ्यायचंय त्याला आपण म्हणायचं, एवढंच. तो रस्त्याच्या कडेला थांबला. गेलं वर्षभर तो असा जागोजागी थांबत होता. सार्वजनिक मुतारीत भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, शेजारी माणसं यायची, मोकळी व्हायची, जायची, दुसरी यायची, आणि हा तिथंच. एकदा शेजारच्या माणसानं विचारलं होतं, काका, भाड्यानं घेतलीय का जागा? तेव्हाही तो हसलाच होता. एकूण या आजाराचं हसण्याशी काहीतरी असावं.

गल्लीत त्याला नंबरवाले म्हणत. चष्म्याचा नंबर काढून देणारा म्हणून नंबरवाले. लहान पोरं नंबरवाले काका, त्याच पोरांची आता लग्नं होऊन केस विरळ झाले तरी नंबरवाले काका. दुकान अरुंद आणि खोल होतं, आगगाडीच्या डब्यासारखं, आणि अगदी शेवटी जाड पडद्यामागं काळोखी खोली, तिच्यात खुर्ची आणि समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता. त्या दिवशी घरी न जाता तो दुकानातच गेला. पोस्टातल्या बाई वाट बघत बसल्या होत्या. त्यांना खुर्चीत बसवून त्यानं नाकावर लोखंडी चौकट चढवली, एक डोळा झाकला, पेटीच्या मखमली खाचेतून भिंग उचललं. आता वाचा. आता? हे बरं की आधीचं? बाईंचा श्वास त्याच्या मनगटावर येत होता. असे किती श्वास आजवर मनगटावर आले असतील. एवढ्या जवळ माणूस दुसऱ्या माणसाच्या जातो तो चुंबन घ्यायला नाहीतर मारायला, आणि तिसरा तो. "हे की हे?" "सारखंच वाटतंय," बाई म्हणाल्या. सारखंच वाटलं की थांबायचं असतं; दोन भिंगांत फरक कळेनासा झाला म्हणजे नंबर बरोबर आला. "आपला नंबर वाढलाय," तो म्हणाला आणि थबकला. बाईंनी विचारावं, की तुमचाही? त्यांनी नाही विचारलं. "वाढणारच," त्या म्हणाल्या, "वय का थांबतंय?" त्यांना आपला म्हणजे आपला एवढंच कळलं होतं, सगळ्यांना तेवढंच कळतं, ज्याचं त्याला. आणि त्याला डॉक्टरांच्या टेबलावर पालथा घातलेला तो कागद आठवला, त्यावरही नंबरच होता. रक्तातला. तोही वाढला होता, इतका की डॉक्टरांनी तो मोठ्यानं वाचलाच नव्हता, बोट ठेवून दाखवला होता.

पोस्टातल्या बाई गेल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतः त्या खुर्चीत बसला. समोर तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. कुणी विचारणारं नव्हतं म्हणून त्यानंच विचारलं.

आता बघा. लग्नानंतरची पहिली खोली, दुसऱ्याच्या घरातली, मधे फळ्यांची भिंत, भिंतीपलीकडं घरमालक खोकतोय. ती उशीत तोंड खुपसून हसतेय, खोकला आला की दोघंही थिजतायत, थांबला की पुन्हा. तिच्या मानेवर घामाचा बारीक थर आहे, त्याला साबणाचा वास आहे. ती कानात म्हणते, थांबू नका.

आता हे बघा. तीच खोली, तोच खोकला. ती उशीत तोंड खुपसून आहे. हसतेय की काय, ते दिसत नाही. खोकला थांबत नाही, तरी हा थांबत नाही. ती कानात म्हणते, थांबा ना.

हे बरं की आधीचं?

पुन्हा दाखवा.

थांबू नका. थांबा ना. खोकल्यात नीट ऐकू आलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी विचारायची ती गोष्ट नव्हती, आणि नंतर इतकी वर्षं गेली की विचारणं हास्यास्पद झालं. आणि शेवटचं कधी? पहिलं निदान अंधुक तरी दिसतं; शेवटचं त्याला तक्त्याच्या कुठल्याच ओळीत दिसेना. एका दुपारी, पाळणाघराला सुट्टी होती आणि घर इतकं शांत होतं की दोघांना काय करावं कळेना, तेव्हा? की त्यानंतरही, लेकीचं लग्न झालं त्या महिन्यात? शेवटच्या वेळी हे शेवटचं असं कुणी ओरडून सांगत नाही. पुढं तिचे गुडघे धरले, याची पाठ. ती भिंतीच्या बाजूला सरकली, हा कडेच्या. मधे एक उशी आली, गुडघ्याखाली घ्यायला म्हणून, आणि ती उशी तिथंच राहिली. भांडण नाही, अबोला नाही. चाळिशी लागते तसं. एक दिवस वर्तमानपत्र हातभर लांब धरलेलं असतं आणि ते कधीपासून, हे...

"दुकान उघडं आहे का?" बाहेरून कुणीतरी हाक मारली. तो उठला. उठताना खुबा दुखला, आणि आता त्या दुखण्याला चेहरा होता.

बायको स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. तिनं न बघताच विचारलं, "काय म्हणाले?" "गाठ आहे." "कुठं?" त्यानं नजरेनं खाली दाखवलं. "नीट बोला, लहान मुलासारखं काय दाखवताय?" मग ती थांबली. हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. "साधी गाठ की..." "की," तो म्हणाला. तिनं शेंग पूर्ण उघडली, दाणे भांड्यात पाडले, साल बाजूला ठेवलं. मग एकदम भडकली. "मी बोंबलत होते. रात्रीचे सारखे उठता, दाखवा, दाखवा. तर म्हणे वय झालं! वय काय तुमचं एकट्याचं झालंय? दुसऱ्यांच्या डोळ्यांत बॅटऱ्या मारत बसायचं आणि स्वतःचं," आणि तिथं तिचा आवाज चिरला, म्हणून तिनं नळ सोडला आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. तिच्या पाठीकडं तो बघत राहिला. पाठ रुंद झाली होती. पोलक्याच्या गळ्यावर मानेची ती जागा अजून तीच होती, जिथं साबणाचा वास. त्याला तिथं हात ठेवावासा वाटला, आणि ठेवला नाही, कारण आत्ता ठेवला तर तो आजाऱ्याचा हात ठरला असता. नळ बंद झाला. "घाबरू नका," ती पाठमोरीच म्हणाली, "आपण सगळं करू."

दोन रस्ते आहेत हे त्यानं तिला सांगितलं नाही. डॉक्टरच सांगतील, म्हणाला. पण त्या आठवड्यात त्याच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. मरण नव्हतं, मरण फार मोठं होतं, वरच्या ओळीतल्या अक्षरासारखं, ते चष्म्याशिवायही दिसतं आणि म्हणून त्याकडं कुणी बघत नाही. तो बघत होता खालची बारीक ओळ. ती काय म्हणेल? आंघोळीच्या वेळी तो खाली बघायचा. सुरकुतलेलं, राखाडी केसांतलं, निरुपयोगी म्हणावं असंच ते होतं, आणि त्यानं तरी कधी त्याचा विचार केला होता? आणि तरीही. तिनं इंजेक्शन म्हणावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. इंजेक्शननंही तेच होणार होतं, अंगातला पुरुष तसाही विझणार होता, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. तिनं ऑपरेशनच म्हणावं, हरकत नाही. फक्त म्हणण्याआधी तिनं थांबावं. एवढंच. डॉक्टरांनी सांगावं, आणि तिनं क्षणभर खाली बघावं, किंवा याच्याकडं बघावं, पदराचं टोक चाचपावं, काहीही. म्हणजे कळलं असतं की त्या उशीच्या पलीकडं इतकी वर्षं कुणीतरी होतं. पलंगावर पडल्या पडल्या तो ते थांबणं मनात रचायचा. कधी लहान, कधी इतकं लांब की डॉक्टर घड्याळाकडं बघायचे. विशीतल्या पोराला पत्राची वाट बघताना होतं तसं त्याला होत होतं, आणि ते सांगायचं कुणाला?

डॉक्टरांच्या खोलीत ती खुर्चीच्या टोकाशी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. डॉक्टरांनी दोन्ही रस्ते सांगितले. वृषण हा शब्द पुन्हा आला. डॉक्टर म्हणाले, "तसा दोन्हीचा परिणाम एकच. पण इंजेक्शनांना यावं लागेल सारखं. ऑपरेशन म्हणजे एकदा झालं की..."

"काढून टाका," ती म्हणाली.

वाक्य पुरंसुद्धा होऊ दिलं नाही. तोच सूर. ओलं आहे ना? काढून टाक.

"तसं तुम्ही विचार करून," डॉक्टर म्हणाले.

"विचार काय करायचाय? आता त्याचं काय करायचंय या वयात? माणूस राहणं महत्त्वाचं. आपण काढून टाकू." आणि त्याच्याकडं वळून, "हो ना हो?"

"हो," तो म्हणाला. डॉक्टरांचा चष्मा अजून कललेला होता. त्यानं हात पुढं केला. "द्या इकडं." डॉक्टरांनी गोंधळून चष्मा काढून दिला. खिशातला बारीक पेचकस काढून त्यानं काडीचा स्क्रू आवळला, चष्मा उजेडात धरून पाहिला, पुसला, परत दिला. तेवढा वेळ त्याला हातांकडं बघता आलं. "वा," डॉक्टर म्हणाले, "एकदम सरळ दिसायला लागलं." बायको म्हणाली, "यांना हे असंच. कुठं काय चाललंय." आणि ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

ऑपरेशन खरंच छोटं होतं. घरी आल्यावर ती त्याला कुशीवर वळवायची, पट्टी बघायची, पाळणाघरातल्या हातांनी. चटचट, न लाजता, न अडखळता. "झालं, एवढंसं तर आहे." रक्तातला नंबर उतरला. उतरला म्हणजे कोसळलाच. डॉक्टर खूश झाले, बायकोनं लेकीला फोन करून सांगितलं, "बाबांचा नंबर आला बघ छान," आणि लेकीला वाटलं डोळ्यांचं काहीतरी. काही महिने सगळे झोपलेल्याच्या खोलीत वावरावं तसे हळू आवाजात वावरले.

आणि मग ते सुरू झालं, ज्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. एका मुलीच्या नाकावर चौकट चढवत असताना त्याच्या छातीतून काहीतरी वर चढलं, मान, कान, टाळू. अंगात कुणी भट्टीचं दार उघडावं तसं. कपाळावरून घामाचा थेंब ओघळून थेट भिंगावर पडला. "काका, सगळं हलतंय," मुलगी म्हणाली. तो पडदा बाजूला सारून बाहेर आला, खुर्चीवर बसला, शर्टाची बटणं काढली. घरी आल्यावर पुन्हा. बायकोनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं, ओला टॉवेल आणून मानेवर टाकला, पंखा मोठा केला, आणि समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं, गावाकडचं माणूस परगावी भेटल्यासारखं. "हे माझं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"हे. वाफ. असं खालून वर येतं ना? आधी छातीत धस्स होतं, मग येतं. आणि गेलं की थंडी."

"हो."

"अहो, हे बायकांचं असतं. पाळी जाते तेव्हा. मला तीन वर्षं होतं. मी पांघरूण फेकायचे आणि तुम्ही उठून पंखा बंद करायचात."

"मला थंडी वाजायची."

"आता मला वाजते," ती म्हणाली, आणि उठून शाल घेऊन आली, आणि शाल पांघरून मोठ्या केलेल्या पंख्याखाली बसून राहिली. त्यानंतर तसंच चालू झालं. त्याची छाती भरली, कोवळी, दुखरी. शर्टाला घासली की तो कळवळायचा. "माझं जुनं पोलकं देऊ का उसवून?" ती म्हणायची. तो म्हणायचा, बाह्या ढगळ होतील. कधी नव्हे ते दोघं संध्याकाळी शेजारी शेजारी बसायला लागली, दोन म्हाताऱ्या मैत्रिणींसारखी, पायांना तेल लावत, कुठं दुखतं ते सांगत. लेक फोनवर म्हणाली, तुमचं बरं चाललंय की. बरं चाललंच होतं. एक दिवस ती साडी बदलत होती. दार उघडं होतं, तो पलंगावर होता, त्यानं बघितलं. पाठ, मान, ती जागा. खिडकी बघावी तशी. आता वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत थांबला. वाईटही वाटलं नाही. जीभ सुन्न झालेल्या माणसाला चव नाही आणि चव नसल्याचं दुःखही जिभेवर नाही, तसं काहीतरी होतं. किंवा तसंही नव्हतं, कारण उपमेलासुद्धा थोडी इच्छा लागते. पलंगावर पडल्या पडल्या रचलेलं ते लहानमोठं थांबणं त्यानं एकदा मुद्दाम आठवून बघितलं. आठवलं. सगळं जागच्या जागी होतं. पण तिनं थांबावं असं कुणाला एवढं वाटत होतं, ते त्याला आठवेना.

मग नंबर पुन्हा चढला. "जागा होतोय," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी त्यांनी आपला म्हटलं नाही. दुसऱ्या गोळ्या आहेत, म्हणाले. नंतर सलाइनमधून द्यायचं औषध आहे. त्यांच्या 'नंतर'नंतर काहीच नव्हतं, हे तिघांनाही दिसत होतं. दुकान त्यानं भाच्याला दिलं. पाठ आता वाकत नव्हती; मोजे घालायचे तर ती घालायची, कंबरेला पट्टा तीच आवळायची, कूस बदलताना तोंडातून जो आवाज निघायचा त्याची दोघांनीही सवय करून घेतली.

दुपार होती. रविवार असावा, कारण रस्ता शांत होता. ती बुटक्या स्टुलावर बसून त्याचा पाय मांडीवर घेऊन नखं कापत होती. नखं जाड झाली होती, आधी कोमट पाण्यात भिजवायला लागायची. अंगठ्यापासून सुरुवात करून ती करंगळीपर्यंत आली आणि करंगळी हातात धरून थांबली.

"एक सांगू?" ती वर न बघता म्हणाली.

"सांग की."

"त्या दिवशी डॉक्टरांकडं मी पटकन म्हणाले. काढून टाका म्हणून."

"हं."

"थांबले असते तर म्हणता आलं नसतं मला. घरून ठरवूनच निघाले होते, ते काय सांगतील ते सांगोत, मी थांबायचं नाही. मला गल्लीतल्या कंपाउंडरच्या बायकोनं आधीच सांगितलं होतं काय करतात ते." तिनं करंगळी दाबली. "बाथरूममधे सराव केला होता. आरशापुढं. काढून टाका, काढून टाका. वेड्यासारखं."

त्यानं पाय तिच्या हातात तसाच राहू दिला.

"मला वाटायचं, तुम्ही एखाद्या दिवशी ती उशी काढाल. मी काढली असती, पण मग तुम्हाला वाटलं असतं या वयात हिला काय... म्हणून मी वाट बघायचे. भिंतीकडं तोंड करून झोपायचे ना? झोपलेली नसायचे बऱ्याचदा." आणि मग, फार हळू, "मला आवडायचं हो. पहिल्यापासून. त्या खोकल्याच्या खोलीपासून. बोलायची सोय नव्हती."

पडदा हलला, पुन्हा जागेवर आला. याचीच वाट पाहिली होती, हे त्याला कळलं. सगळं कळलं. शब्द न् शब्द ऐकू आला होता, अर्थ लागला होता, आणि हे एखाद्या माणसाला मिळावं असं सर्वांत मोठं काहीतरी आहे हेही दिसत होतं. तो आत शोधू लागला. घाईघाईनं, चोरून, ती वर बघायच्या आत. कुठंतरी थोडं असेल. छातीत, पोटात, मानेमागं, जुन्या सवयीच्या एखाद्या कोपऱ्यात. कुणीतरी आयुष्यभर पोचवायला निघालेली वस्तू घेऊन दारात उभं होतं, घर उघडं होतं, दिवे होते, आणि घ्यायला यायला माणूस नव्हता. तिच्यासाठी त्याला बरं वाटलं. म्हणजे, बरं वाटायला हवं, असं वाटलं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला, आणि चेहरा शक्य तेवढा हलवला. "मलाही तसंच वाटायचं."

तिनं वर बघितलं. आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळलेली ती. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याच्या खरंच दुखतंय की नाही, हे तिला दारातून कळायचं. ती बराच वेळ बघत राहिली. त्यानं नजर हलवू दिली नाही. मग तिनं उरलेलं नख कापलं, मांडीवरची सगळी नखं कागदावर गोळा केली, त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली जमिनीवर ठेवला.

"दुसरा द्या," ती म्हणाली.